वजा अंतर

१

ऑफिसात तिला सगळे शिंपीण म्हणत. कारण साधं होतं. टेकडीवरच्या दुर्बिणीने काढलेले धूमकेतूचे फोटो आणि लांब अवकाशात फिरणाऱ्या यानाने काढलेले त्याच धूमकेतूचे फोटो एकावर एक ठेवून जोडायचे, हे तिचं काम. शिवण दिसता कामा नये, एवढीच अट. घरी मात्र ती थोरली. आईची थोरली आणि दुसऱ्या शहरात संसार थाटून बसलेल्या धाकटीची ताई.

धूमकेतूचं काम म्हटलं की लोकांचे डोळे विस्फारतात. प्रत्यक्षात त्यात विस्फारण्यासारखं काही नाही. सकाळी पिशवी खुर्चीला अडकवायची, मशीनचा गुळमुळीत चहा आणायचा, त्याला नावं ठेवत प्यायचा आणि फायली उघडायच्या. टेकडीवरचे फोटो तोवर येऊन पडलेले असत. यानाचे फोटो मात्र लाडावलेल्या जावयासारखे, त्यांना वाटेल तेव्हा येत.

दोन ठिकाणचे फोटो लागतात ते अंतरासाठी. नाकासमोर बोट धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटला, की बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. उडी मोठी असेल तर वस्तू जवळ, लहान असेल तर लांब. टेकडी हा एक डोळा, यान हा दुसरा. दोन्ही जुळले की धूमकेतू किती लांब आहे आणि त्याची शेपटी कुठे कशी वळते ते कळतं.

आणि या कामाचा एक नियम होता. नवीन माणूस आला की साहेब त्याला पहिल्याच दिवशी ऐकवत. "दोन्हींत दिसेल तेच खरं. एकातच दिसेल तो कचरा." कॅमेऱ्यावरची धूळ, आडवा गेलेला उपग्रह, असलं काही एकाच फोटोत दिसतं. ते पुसायचं. म्हणजे शेजारचं आकाश उचलून त्यावर ठिगळासारखं लावायचं. थोरलीचा यात हात बसला होता. तिने लावलेलं ठिगळ नंतर तिला स्वतःलाही सापडत नसे.

त्या सकाळी शेपटीच्या जरा खाली थोडंसं आकाश कमी होतं.

दुर्बीण धूमकेतूच्या मागे मागे फिरते, त्यामुळे फोटोत धूमकेतू नीट येतो आणि तारे रेघांसारखे ओढले जातात. त्यातल्या काही रेघा एका ठिकाणी येऊन तुटत होत्या आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा सुरू होत होत्या. मधे काही नव्हतं. काळं म्हणावं तर आकाश काळंच असतं. तेवढ्या जागेत मागचं काही दिसत नव्हतं, एवढंच म्हणता आलं असतं.

तिने स्क्रीन ओढणीने पुसून पाहिला. मग स्वतःशीच हसली आणि पुढच्या फायलीकडे वळली. पुढच्या फायलीतही रेघा तिथेच तुटत होत्या.

२

"धूळ असेल," दुर्बीणवाला फोनवर जांभई देत म्हणाला. टेकडीवर एकटा राहणारा हा माणूस. त्याची झोप दुपारी व्हायची आणि थोरलीचे फोन नेमके दुपारीच जायचे.

"मलाही तेच वाटलं. पण एकदा बघून घ्या ना."

"शिंपीणबाई, तुम्हाला नाही म्हणायची हिंमत आहे का कुणाची? काच पुसतो. शिवाय कॅमेरा पाव फेरा फिरवून ठेवतो. धूळ असेल तर ती कॅमेऱ्याबरोबर फिरेल आणि फोटोत शेपटी सोडून दुसरीकडे दिसेल. मग तुमचं समाधान आणि माझी झोप."

दुसऱ्या दिवशी फोटो आले. कॅमेरा फिरलेला होता, सगळं चित्र आडवं झालं होतं. ती रिकामी जागा मात्र शेपटीला धरूनच आडवी झाली होती. म्हणजे धूळ नाही.

थोरलीला क्षणभर आनंदच झाला. धूमकेतूचा एखादा तुकडा, एखादा दाट ढग, काहीतरी नवीन! पण धुळीचा ढग स्वतः उन्हात चमकतो, तो तारे असे सपाट गिळत नाही. आणि यानाचे फोटो अजून आलेले नव्हते. एकातच दिसतंय तोवर कचरा. तिने नियमाप्रमाणे ती जागा पुसली, रेघांची टोकं एकमेकींना नीट जोडली आणि घरी जाताना तिला उगाचच वाटत राहिलं, की आपण कुणाच्या तरी तोंडावर पांघरूण घातलं आहे.

३

आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. डावा बाकी होता. आई पोस्टात काउंटरवर होती. काचेतल्या भोकातून माणसं झापण्यात तिचा जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावरही आवाज तेवढाच राहिला. आता मात्र ती कपाच्या शेजारी चहा ओतत होती. एक डोळा लख्ख आणि एक दुधाळ, त्यामुळे तिला कशाचंच अंतर कळत नव्हतं. पायरी आहे तिथे पाऊल पडत नव्हतं आणि नाही तिथे अडखळत होतं.

"दुसरा डोळाही लवकर करून टाकू," टेबल पुसता पुसता थोरली म्हणाली.

"घाई नाही मला."

"आई, पडशील एखाद्या दिवशी."

आई बोळाकडे बघत होती. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधला तो अरुंद बोळ. पलीकडच्या टोकाला फ्रिज, त्याच्यावर धाकटीच्या मुलांचा फोटो.

"थोरले, फ्रिजवर फोटो आहे ना?"

"आहे की."

"मला दिसत नाही."

"एवढं लांबचं आताच कसं दिसेल?"

"लांबचं दिसतं गं मला. फ्रिजचं दार दिसतंय, मूठ दिसतेय, वर ठेवलेला डबा दिसतोय. मधे तेवढ्या जागेत मागचं काही दिसत नाही." आईने तळहाताने उजवा डोळा झाकला. "आता सगळं धुरकट, पण सलग." हात काढला. "आता नाही."

थोरलीला तुटलेल्या रेघा आठवल्या आणि लगेच तिला स्वतःचाच राग आला. ऑफिसातलं घरी आणायचं नाही असं आपणच ठरवलेलं. तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रियेनंतर काही जणांना सावली दिसते, जाते आपोआप. तपासायला घेऊन या. तिने नेलं. त्यांनी डोळ्यात दिवा मारून पाहिला. पडदा उत्तम, भिंग उत्तम, काळजी नको.

"ऐकलंस ना?" घरी येताना तिने आईचा दंड धरला होता. "एकाच डोळ्याला दिसतंय ना? मग ते बाहेर नाही, डोळ्यातच आहे. खरी वस्तू दोन्ही डोळ्यांना दिसते. दुसरा डोळा झाला की मेंदू बरोबर पुसून टाकेल ते."

"तुझ्या ऑफिसात असंच करतात?"

"अगदी असंच."

आईने वाद न घालता मान डोलावली. हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

४

यानाचे फोटो आले तेव्हा थोरलीने चहा आणायला जायचंही टाळलं.

रिकामी जागा त्यांतही होती.

टेकडी आणि यान यांच्यात कोट्यवधी मैलांचा पल्ला. एकीकडची धूळ दुसरीकडे दिसणार नाही, एकीकडचा बिघाड दुसरीकडे होणार नाही. दोन्हींत दिसतंय, म्हणजे खरं. नियम साहेबांचाच. तिने दोन्ही फोटो एकावर एक ठेवले आणि अंतर काढायला घेतलं.

टेकडीकडून यानाच्या फोटोकडे जाताना धूमकेतू डावीकडे उडी मारत होता. तारे फार लांब, ते जागचे हलत नव्हते. समोरची कुठलीही वस्तू डावीकडेच उडणार, कमी किंवा जास्त. रिकामी जागा उजवीकडे उडाली होती.

उत्तर आलं ते वजा.

ती तशीच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब परिषदेच्या तयारीत गळ्यापर्यंत बुडालेले. जोडलेलं चित्र तिथे पहिल्यांदा दाखवायचं होतं, बाहेरचे लोक येणार होते.

"वजा?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे काय, ते आपल्या मागे उभं आहे?"

ते हसले. तीही हसली, पण जरा उशिरा.

"साहेब, गणित तेच म्हणतंय. दोन्हीकडच्या नजरेच्या रेषा पुढे कुठे मिळतच नाहीत, लांब लांब जातात. मिळवायच्या म्हटल्या तर उलट, मागे मिळतात."

"अहो, मागची वस्तू समोरचे तारे कशी झाकेल? जरा विचार करा. वजा आलं की चूक झाली, हे शाळेतलं पोरही सांगेल. यानाच्या घड्याळात गडबड असेल, नाहीतर जुळवणीत. परिषद झाली की निवांत शोधू."

"आणि तोवर?"

"तोवर पुसा. तुमच्याइतकं सफाईने कोण पुसणार?"

त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मागची वस्तू समोरचं झाकत नाही. थोरली जागेवर आली आणि तिने दोन्ही फोटोंतल्या रेघा जोडल्या. चित्र सुरेख झालं. आजूबाजूचे लोक येऊन पाहून गेले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. तिला मात्र खुर्चीत स्वस्थ बसवेना. तिची पाठ खोलीच्या मोकळ्या बाजूला होती, हे इतक्या वर्षांत तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

५

पुढचे दिवस ती नुसती घिरट्या घालत राहिली. ऑफिसात असताना घर आठवे, घरी असताना ऑफिस. यानाचे फोटो येतील तसं ती गुपचूप गणित करी आणि उत्तर पुसून टाकी. दर खेपेला वजाच. चूक असती तर ती कधी इकडे, कधी तिकडे गेली असती. ही एकाच बाजूला जात होती. दर खेपेला वजापुढचा आकडा लहान होत होता.

तिने दुर्बीणवाल्याला फोन केला. या खेपेला तो जागा होता.

"झोपला नाहीत?"

"झोप कसली? मी हल्ली खुर्ची भिंतीला टेकवून बसतो."

"का?"

"ते विचारू नका हो. एकटा माणूस, लागतात सवयी." तो नेहमीसारखा हसला नाही. "तुमचं काय? सापडली का चूक?"

"शोधतेय."

"सापडली की आधी मला सांगा बरं का. साहेबांच्याही आधी."

घरात तिला आणखी एक खोड लागली. येता जाता ती बोळात थांबायची. फ्रिजवरचा फोटो तिला व्यवस्थित दिसायचा, डाव्या डोळ्याने, उजव्या डोळ्याने, दोन्हींनी. पण फ्रिजची घरघर होती. हॉलमध्ये ती ऐकू यायची, स्वयंपाकघरात तर यायचीच. बोळात मात्र एका पावलापुरती ती थांबायची. पुढे गेलं की पुन्हा सुरू. फ्रिज जुना आहे, मधेच बंद होतो, असं तिने स्वतःला सांगितलं. मग ती तिथेच मागे-पुढे करत राहिली. तिचं पाऊल त्या जागी पडलं की नेमका फ्रिज बंद पडायचा, इतका तो काही जुना नव्हता.

"काय चाललंय तुझं?" आईने हॉलमधून विचारलं.

"काही नाही."

"तिथे नको उभी राहूस."

"का? तिथेच आहे का ते?"

"काय माहीत? तिथे असेल, नाहीतर पार पलीकडे असेल. एका डोळ्याने अंतर कळतं का कधी?" आई जरा थांबली. "तेच बरंय म्हणते मी. किती लांब आहे ते कळत नाही तोवर लांबच आहे असं समजून झोपता येतं."

थोरलीला रडूच कोसळेल असं झालं. ही बाई काउंटरवर दंगा करणाऱ्या गुंडाला बाहेर काढायची, आणि आज स्वतःच्या घरात बोळाकडे पाठ करून बसायला धजत नव्हती. तिने जवळ जाऊन आईचे पाय दाबून दिले. आईने कधी नव्हे ते दाबू दिले.

दोन दिवसांनी आई न्हाणीघराच्या पायरीवरून पडली. हाड वाचलं, पण कोपरापासून खांद्यापर्यंत हात काळानिळा झाला. धाकटीने फोनवर तोंडसुख घेतलं. "ताई, तू घरात असून हे होतंच कसं? आणि डोळ्याचं अजून किती दिवस लांबवणार? पुढच्या वेळी कंबरडं मोडेल तिचं!"

तिचं काही चूक नव्हतं. थोरलीने तारीख घेतली. आईने एकदाच विचारलं, "तुला खात्री आहे ना गं? दोन डोळे झाले की पुसलं जाईल?"

"खात्री आहे," थोरली म्हणाली. आकडा किती लहान झाला आहे हे तिला त्या सकाळीच कळलं होतं. पण सावली आणि आकडा यांचा संबंध जोडायला ती काही वेडी नव्हती, आणि काळानिळा हात डोळ्यांसमोर होता.

६

शस्त्रक्रिया छान झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आईने डोळे किलकिले केले आणि डॉक्टरांच्या शर्टावरचा डाग दाखवला. दवाखान्यात सगळे हसले. येताना तिने रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचून काढल्या. जिन्याच्या पायऱ्या हात न धरता चढली. थोरलीला इतकं हलकं वाटलं, की वाटेत तिने धाकटीला फोन करून आईचाच आवाज ऐकवला.

दुपारची वेळ होती. हॉलमध्ये भरपूर उजेड होता. आई टेबलाशी बसली. थोरलीने चहा केला, आणि आईने स्वतः किटली उचलून दोन्ही कप भरले. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"बघ!" थोरली समोरच्या खुर्चीत बसली. तिच्या पाठीमागे दोन हातांवर भिंत होती. मुद्दामच तिने ती खुर्ची निवडली होती.

"बघतेय." आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "अगं, केस किती पिकलेत तुझे! मला कुणी सांगितलंच नाही."

"तुझ्यामुळेच पिकलेत."

आई हसली. मग तिची नजर थोरलीच्या खांद्यावरून मागे गेली आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

"अजून दिसतंय?" थोरलीने विचारलं.

आईने उजवा डोळा मिटला. उघडला. डावा मिटला. उघडला. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून ती बघत राहिली.

"आई, एका डोळ्याला ना?"

टेबलावरून हात पुढे करून आईने थोरलीचं मनगट धरलं. "मागे वळू नकोस," ती हळू म्हणाली. काउंटरवरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

थोरली वळली नाही. वळायची गरज नव्हती. समोर आईचे दोन डोळे होते, आणि दोन डोळ्यांवरून अंतर काढणं हेच तर तिचं काम होतं. जवळचं बघताना बुबुळं नाकाकडे सरकतात, लांबचं बघताना सरळ होतात. मागे दोन हातांवर भिंत होती. आईची बुबुळं अगदी सरळ होती, क्षितिजाकडे बघावं तशी. आई भिंतीच्या खूप पलीकडचं काहीतरी बघत होती.

मग ती बुबुळं अगदी सावकाश नाकाकडे सरकायला लागली.

थोरलीला वाटलं, आपण मोजायचं नाही. पण सवय कुठे जाते? रस्त्याच्या पलीकडे. रस्त्यावर. भिंत. स्वयंपाकघरातली फ्रिजची घरघर इतका वेळ चालू होती हे तिच्या ध्यानात आलं, कारण ती थांबली. खुर्चीची पाठ. आता आईची नजर थेट तिच्या चेहऱ्यावर होती, मघाशी केसांबद्दल बोलताना होती अगदी तशी.

"आई," थोरली म्हणाली. "माझ्याकडे बघतेयस ना?"

आईने मनगट आणखी घट्ट धरलं. ती थेट तिच्या डोळ्यांत बघत होती.

"थोरले," ती म्हणाली, "तू कुठे गेलीस?"

"इथेच आहे! तू हात धरलायस माझा!"

"हात आहे. तू दिसत नाहीस. तेवढ्या जागेत काही दिसत नाही."

आणि बुबुळं थांबली नव्हती. ती अजून आत सरकत होती. कपांच्या पलीकडे, कपांपाशी, कपांच्या अलीकडे. जे काही होतं ते थोरलीला ओलांडून आईकडे चाललं होतं, आणि ते किती राहिलं आहे हे जगात फक्त त्या दोन डोळ्यांना कळत होतं. ते डोळे तिनेच हट्टाने जुळवून दिले होते.

तिने मोकळा हात टेबलावरून पुढे टाकला. कप कलंडला, चहा आईच्या मांडीवर गेला. तिने आईचा डावा डोळा तळहाताने घट्ट झाकला.

आईच्या पापण्या तळहाताखाली फडफडत होत्या.

"आई, आता कुठे आहे?"

आईचा उघडा डोळा तिच्या दिशेने होता. तो कुठे बघतोय हे आता थोरलीला सांगता येत नव्हतं.

"आता कळत नाही गं," आई म्हणाली. "किती जवळ आहे ते कळत नाही."

थोरलीने हात काढला नाही.